भिकनची फुंकर

भिकन पहिल्यांदा माझ्या गच्चीवर आला तो भांडायला. आमच्या टाकीचं पाणी शेजारच्या इमारतीत त्याच्या खिडकीवर गळत होतं आणि त्या खिडकीखाली त्याची आई झोपत होती. तावातावानं जिना चढून आला आणि दारातच थबकला. रविवार होता, त्यामुळे गच्चीवर आमचं पेस्टल मंडळ बसलेलं. सतरंजीवर कागद पसरलेले आणि झाडून सगळ्यांचे हात मनगटापर्यंत रंगलेले. टाकी राहिली बाजूला. त्यानं विचारलं, "बाई, कुणाची मेंढरं रंगवायलात?"

मला राग आला. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली की राग लवकर येतो. पण तो थट्टा करत नव्हता. त्याचं घराणं मेंढपाळाचं. दोन कळप एकमेकांत मिसळले तर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतात, आणि लहानपणी ते काम भिकनकडं असायचं. रंगलेले हात दिसले की त्याला मेंढरंच आठवणार. पुंडलिकनगरात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर मेंढरं चढणार कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही.

मी त्याला पेस्टल दाखवलं. ही रंगाच्या भुकटीची दाबून केलेली कांडी. शाळेतल्या मेणाच्या खडूसारखी ती कागदाला चिकटत नाही. भुकटी कागदाच्या खरखरीत अंगावर नुसती टेकून बसते. बोट लागलं तर पुसते, शिंक आली तर उडते. मी हे समजावून सांगत होते तोवर त्यानं तपकिरी कांडी उचलली आणि माझ्या महागाच्या कोऱ्या कागदावर एका दमात मेंढीची पाठ ओढली. रेघ चांगली होती. मी तसं म्हणाले नाही. पहिल्याच दिवशी चांगलं म्हटलं की माणूस शेफारतो.

पुढच्या रविवारी सतरंजी अंथरायच्या आधी स्वारी हजर. टाकी अजून गळतेच आहे.

भिकन शेंद्र्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. अंगानं धिप्पाड आणि आवाज माळावर कमावलेला. हळू बोल म्हटलं की तो हळू बोलतो, आणि रस्त्यावरची माणसं वर बघतात. चित्रं फक्त मेंढरांची. समोर फुलं ठेवा, वांगी ठेवा, माणूस बसवा, कागदावर मेंढरूच उतरणार. एकदा आमचे अध्यक्ष आप्पासाहेब हौसेनं मॉडेल म्हणून बसले. आप्पासाहेब म्हणजे गावाकडं जमीन, शहरात मंगल कार्यालय, आणि चित्र काढायचं ते देवगिरीच्या किल्ल्याचं, तेही कायम निळं. भिकननं त्यांचं चित्र काढलं. मिश्या त्यांच्या, फेटा त्यांचा, पण बघणं अगदी कळपातल्या मेंढ्याचं. आम्ही माना खाली घालून हसू दाबलं. आप्पासाहेब मात्र बेहद्द खूश. "नजर बघा, कशी करारी आलीय," म्हणाले. ते चित्र त्यांच्या ऑफिसात खुर्चीच्या मागं लागलंय.

भिकनचा खरा अवगुण म्हणजे फुंकर. कागदावरची जादा भुकटी हलक्या हातानं झटकायची असते. पण हा गडी वाड्यावस्त्या फिरत, पावसात भिजलेली लाकडं चुलीत फुंकून वाढलेला. त्यानं पहिली फुंकर मारली तेव्हा शेजारी बसलेल्या सोनियाच्या चित्रातल्या बाईचं नाक उडालं, माझ्या पोह्यांवरची कोथिंबीर उडाली, आणि आप्पासाहेबांचा किल्ला धुक्यात गेला. मी त्याच दिवशी फुंकरबंदी लावली. त्यानं ती इमानदारीत पाळली. फक्त चित्र झालं की त्याचे गाल आपोआप फुगायचे, मग माझ्याकडं लक्ष जायचं, आणि तो ती सगळी हवा गिळायचा. त्यानं त्याला उचकी लागायची.

हसण्यावारी न्यावी अशी नव्हती ती एकच गोष्ट. त्याची आई, बानाबाई. वडील खंडेराव गेले त्याच सुमारास भिकन कंपनीत परमनंट झाला. मेंढरांमागं चालायला कुणी उरलं नाही. त्यानं कळप विकला आणि आईला पुंडलिकनगरच्या फ्लॅटवर आणलं. म्हातारी भांडली नाही, रडली नाही. पण हा घरी कागद घेऊन बसला की ती एवढंच म्हणायची, "इकताना हात थरथरला नाय, अन् आता कागदावर हाकायलाय." आणि पाठ फिरवायची. इतक्या वर्षांत तिनं त्याच्या एकाही चित्राकडं पाहिलं नव्हतं. घरात सगळी चित्रं भिंतीकडं तोंड करून ठेवलेली असायची, शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

एकदा कांड्या आवरताना तो मला म्हणाला, "बाई, मला बक्षीस-बिक्षीस काय नको. मायनं एकदा बघावं अन् 'बरं हाय' म्हणावं. बास."

यावर मला रागावता येईना. मी म्हटलं, "मग असल्या वीतभर कागदावर काय काढतोस? मोठं काढ. म्हातारीला दिसायला नको?"

तो मोठं काढायला लागला. पाळी संपवून शेंद्र्याहून आला की जेवायच्या आधी कागदापुढं. विकलेला अख्खा कळप त्यानं एकेक करून परत आणला. मोकळा माळ, कललेलं ऊन, आणि आपल्याकडं तोंड करून चालत येणारी मेंढरं. चित्र पुरं झालं तेव्हा मंडळानं एकमतानं ठरवलं की यंदा दारासमोरची भिंत भिकनची. एरवी त्याची चित्रं हात धुवायच्या बेसिनजवळ लागत.

आमचं प्रदर्शन आप्पासाहेबांच्या मंगल कार्यालयात भरतं. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे हॉल रिकामा असतो आणि आप्पासाहेब उदार असतात. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन नक्षीदार खुर्च्या आहेत, त्या जमिनीला बोल्ट मारून बसवलेल्या. दरवर्षी नवरदेवाच्या खुर्चीत अध्यक्ष बसतात आणि शेजारी कोणी बसायचं यावरून कुजबुज होते. मी बसत नाही.

यंदा आप्पासाहेबांनी फर्मान काढलं की चित्रांना काच नको. मागच्या खेपेला काचांत झुंबरांचा उजेड पडून कुणाला चित्र दिसलं नव्हतं. बायका यायच्या, काचेत केस सारखे करायच्या आणि छान आहे म्हणून जायच्या. मग गुलमंडीतून काळं कापड आणलं आणि त्यावर चित्रं उघडीच लावली. भुकटी उडू नये म्हणून पंखे बंद. आल्यागेल्याला तंबी दिली की बोट लावायचं नाही, शिंकायचं तर बाहेर जाऊन शिंका. लोक घामाघूम होऊन, श्वास धरून कला बघत होते.

भिकन इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. त्याची बायको रत्नमाला हुशार. तिनं सासूला चित्राचं नावच काढलं नव्हतं. "आत्या, तिथं आपली समदी मेंढरं उभी हायेत, बघून या," एवढंच म्हणाली होती. आता आपली मेंढरं बघायला जायचं म्हटल्यावर माणूस एकटं जातं होय? बानाबाईनं गावाकडं निरोप धाडला. आप्पासाहेबांचं 'कला आणि जीवन' या विषयावरचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना दारात टेम्पो थांबला. त्यातून बानाबाई उतरली. मागं चुलत दीर अजिनाथ, त्याच्या गळ्यात ढोल. आणि त्याच्या मागं अर्धी भावकी.

म्हातारीनं स्टेजकडं ढुंकून पाहिलं नाही. ती सरळ समोरच्या भिंतीशी गेली आणि चित्रापुढं उभी राहिली. सगळ्या हॉलनं माना तिच्याकडं वळवल्या. आप्पासाहेबांनी भाषण मध्येच थांबवलं, हे आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

"ही पुढं लंगडी ना रं?" तिनं विचारलं.

"व्हय माय."

"अन् ही मागं ऱ्हायलेली?"

"खादाडी."

"व्हय, लई खायची," म्हातारी म्हणाली. पुन्हा बघत राहिली. भिकन तिच्या तोंडाकडं बघत होता. मीही बघत होते. मनात म्हणत होते, म्हण गं माय, दोनच शब्द, बरं हाय म्हण.

बानाबाई वळली आणि चिडून म्हणाली, "एवढी मेंढरं घरला आली, अन् भंडारा नाय उधळला व्हय रं? कसला मेंढका तू?"

मेंढरं घरी आली की त्यांच्यावर भंडारा, म्हणजे हळद, उधळायची, हा त्यांचा रिवाज मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त तिचा हात कमरेच्या पिशवीकडं जाताना दिसला. "अहो नको, नको!" असं मी ओरडले, पण ते "येळकोट येळकोट जय मल्हार!" च्या गजरात बुडालं. भावकीतल्या प्रत्येकाकडं पिशवी होती. अजिनाथनं ढोलावर थाप टाकली आणि हॉलच्या छतापर्यंत पिवळं आभाळ उठलं.

तोवर नुकसान एकाच भिंतीचं होतं. पण आप्पासाहेबांच्या घशात हळद गेली. खोकत खोकत ते गरजले, "पंखे लावा! सगळे पंखे लावा!" आणि मॅनेजरनं, मालकाचा हुकूम म्हणून, लावले सगळे.

धुरळा बसल्यावर आम्ही डोळे उघडले. सोनियाच्या चित्रांतल्या झाडून सगळ्या बायकांना कावीळ झाली होती. माझा पांढरा मोगरा, ज्याच्यासाठी मी अख्खा उन्हाळा डोळे फोडले, उभ्या उभ्या शेवंती झाला होता. आप्पासाहेब भाकरीवर पिठलं ओतावं तसे दिसत होते. आणि मंगल कार्यालयातून ढोल ऐकू येतोय, दारातून हळद उडतीय, हे पाहून रस्त्यावरची माणसं आत यायला लागली. एक जण मला विचारतो, "खाला, हल्दी किसकी है? खाना किधर है?" एवढी गर्दी आमच्या प्रदर्शनाला कधी झाली नव्हती.

आप्पासाहेब ओरडले, "भिकन, मंडळातून चालता हो!" मीही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बानाबाईनं आमची तोंडं पाहिली आणि लेकाला हळूच विचारलं, "काय चुकलं का रं?"

भिकननं आमच्या पिवळ्या चित्रांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "नाय माय," तो म्हणाला. "तू बरोबर केलंस. माझंच ऱ्हायलं व्हतं."

माझं तोंड उघडलं होतं तसंच मिटलं. एवढ्या मोठ्या माणसानं इतक्या हळू आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तो माझ्याजवळ आला, मान खाली घालून.

"बाई, फुंकर मारू का?"

मी म्हटलं, "मार बाबा. काय व्हायचं ते होऊ दे."

भिकन जमिनीवर उताणा झोपला. आम्ही एकेक चित्र उतरवून त्याच्या तोंडावर पालथं धरायचं, त्यानं खालून फुंकायचं. हळद सगळी त्याच्या अंगावर. फुंकतोय, ठसकतोय, पुन्हा गाल फुगवतोय, आणि अजिनाथ प्रत्येक फुंकरीला ढोलावर एक थाप देतोय. थोड्या वेळानं तो नखशिखांत पिवळा झाला. रत्नमाला पदर तोंडाला लावून हसत होती. "नवरदेवाला दुसऱ्यांदा हळद लागली," म्हणाली, "पर नवरी तीच हाय, सांगून ठिवते."

चित्रं बरीचशी वाचली. सोनियाच्या त्याच बाईचं नाक पुन्हा गेलं, पण कावीळ उतरली. माझ्या मोगऱ्याच्या एका पाकळीवर पिवळं राहिलं. कुणी विचारलं तर मुद्दाम तसं काढलंय म्हणते. आप्पासाहेबांच्या किल्ल्याचं नवलच झालं. निळ्यात हळद मिसळून किल्ला हिरवागार पडला. हळदीला आलेली माणसं म्हणाली, "आप्पासाहेब, पावसाळ्यातला किल्ला काय हुबेहूब उतरलाय!" आप्पासाहेबांनी मिशीवरची हळद झटकली आणि म्हणाले, "निरीक्षण लागतं." मग किल्ल्याला फुंकर मारू देईनात. भिकनला मंडळातून काढल्याचंही विसरले.

शेवटी राहिलं भिकनचं चित्र. त्याच्यावर तर पहिली मूठ पडलेली. माळ, मेंढरं, सगळं पिवळ्या उन्हात बुडालेलं. मी म्हटलं, "आण, उतरव तुझं." तो धडपडत उठला आणि हात पसरून चित्राच्या आडवा उभा राहिला.

"ह्याला नाय फुंकायचं बाई. हे मायनं टाकलंय."

आप्पासाहेब आता भलतेच खुशीत होते. चित्राकडं बघून म्हणाले, "भिकन, हे आपल्या कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावू. बोल, काय देऊ?" भिकनचं आजवर एक चित्र विकलं गेलेलं नव्हतं. तो बावचळून माझ्याकडं बघायला लागला.

बानाबाईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती मघापासून स्टेजवर नवरीच्या खुर्चीत जाऊन बसली होती. ती तिथून उठली.

"ही इकायची नाय," ती म्हणाली. "एकदा इकली तेवढी बास."

भिकनच्या पिवळ्या तोंडावरून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या. "नाय इकत, माय," तो म्हणाला. मी डोळ्यांना पदर लावला. हळद गेली म्हणून सगळ्यांना सांगितलं, आणि थोडीशी गेलीही होती.

आता ते चित्र भिकनच्या घरी बानाबाईच्या खाटेसमोर आहे. हळद उडू नये म्हणून त्या खोलीत पंखा लावायचा नाही असा भिकनचा हुकूम आहे, आणि सगळं घर उकाड्यात शिजतं. मध्ये म्हातारीनं तक्रार केली की एक कोकरू कमी आहे. भिकननं सुट्टी टाकून ते काढलं. घाईत त्या कोकराला आप्पासाहेबांचे डोळे आलेत, पण ती चालवून घेते.

'बरं हाय' असं ती अजून म्हणालेली नाही. दिवेलागणीला मात्र चित्रासमोर उभी राहते आणि कागदाला बोट न लावता मेंढरं मोजते. गळक्या टाकीवरून परवा पुन्हा भांडण झालं, तेव्हा मी नेमकी त्यांच्या घरी होते. मोजून झाल्यावर तिनं सुनेला हाक मारली.

"आली समदी. लाव दार."