पिवळी सून

सासूबाईंचं आणि माझं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोडवा शोधायची कुणाला तसदी नको. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आखातात, अल कुसैसला आल्या आणि आपली मतं सामानासोबत घेऊन आल्या. मुलगी उजळ हवी, हे त्यातलं पहिलं. माझ्या लग्नात त्यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं. आता त्यांच्या तावडीत माझी आठवीतली मुलगी सापडली. ती माझ्यावर गेली आहे, सावळी. दर शनिवारी सकाळी सासूबाई वाटीत डाळीचं पीठ आणि साय कालवायच्या आणि तिला बाल्कनीत बसवून तोंडाला चोळायच्या. मी भांडले, तर "आजीचं प्रेम आहे ते," असं नवऱ्याने मलाच ऐकवलं. मुलगी डोळे मिटून तोंड पुढे करायची. पण शाळेच्या फोटोत ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहायला लागली होती. ते फोटो पाहून माझा जीव जळायचा.

तशात घरात पक्षी आला. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण कायमचा भारतात परतला आणि जाताना पिंजरा आमच्या गळ्यात मारून गेला. चिमणीएवढा पक्षी, पिवळाधमक, कपाळावर केशरी झाक. सगळे त्याला कॅनरी म्हणायला लागले. मी इथल्या शाळेत बायॉलॉजी शिकवते, मला ते ऐकवेना. तो सॅफ्रन फिंच होता, आणि नाव फिंच असलं तरी तो फिंचही नाही. पूर्वी त्याला बंटिंग पक्ष्यांच्या कुळात धरत, आता टॅनेजरच्या कुळात धरतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. वर कोलंबिया-व्हेनेझुएला, खाली थेट अर्जेंटिना; मधलं ॲमेझॉनचं दाट जंगल बहुतेक सोडून तो मोकळ्या माळावर, शेतांच्या कडेने राहतो. हे सगळं मी जेवताना सांगितलं.

"कूळ कशाला बघतेस? मुलगी द्यायचीय का त्याला?" सासूबाई म्हणाल्या. नवरा हसला.

मुलगी द्यायचं त्यांच्याच मनात होतं. एकटा जीव किती दिवस ठेवायचा, जोडी हवी, असा त्यांनी धोशा लावला. शेवटी एका रविवारी आम्ही चौघं शारजाच्या हद्दीजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे या जातीचे दोन पक्षी होते, वेगवेगळ्या पिंजऱ्यांत. एक आमच्या पक्ष्यासारखाच पिवळाजर्द. दुसरा मातकट, अंगावर बारीक रेघा. माझी मुलगी त्या मातकट पक्ष्यापाशी तारेत बोट घालून उभी राहिली.

"ही मातकट आहे ना, ती मादी," मी सांगितलं. "पिवळा नर आहे. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचा जीव घेतील. त्यांच्या मुलखात लोक त्यांच्या झुंजी लावतात."

"मॅडम, सेम फॅमिली है, नो प्रॉब्लेम," दुकानदार म्हणाला.

सासूबाईंनी मातकट पक्ष्याकडे पाहून नाक मुरडलं. "हे कसलं ध्यान! आपल्या घरात दोन सावळ्या आहेत, तेवढ्या पुरे."

मुलीने तारेतलं बोट काढून घेतलं. त्या क्षणी मला त्या बाईचा मनापासून तिरस्कार वाटला, आणि तो लपवायची गरजही वाटली नाही. "आई, तोंड आवरा," मी म्हणाले.

"यल्ला, चला, खलास," नवरा म्हणाला. "आईला आवडलाय तो घेऊ. इथे सीन नको."

पिवळी सून घरी आली. सासूबाईंनी उंबऱ्यात तांदळाची वाटी ठेवली, पिंजऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं. मी नवा पक्षी दुकानातल्या छोट्या पिंजऱ्यातच ठेवला आणि हात लावायचा नाही म्हणून बजावलं. सोमवारी आम्ही दोघी शाळेत गेल्यावर त्यांनी तो मोठ्या पिंजऱ्यात सोडला. नव्या नवरीला कुणी वेगळं ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही परतलो तेव्हा आमचा पक्षी तळाशी पडलेला होता. डोळा फुटलेला, डोक्याची पिसं उपटलेली. नवा वरच्या दांडीवर बसून गात होता.

"पांढऱ्या पायाची निघाली," सासूबाई म्हणाल्या. "आल्या आल्या नवऱ्याला खाल्लं."

मुलगी घरात कायम इंग्रजीत उत्तरं देते. "आजी, दॅट इज अ बॉय," ती म्हणाली. "द ब्राउन वन वॉज द गर्ल. मॉम टोल्ड यू."

"मला काय माहीत? नुसत्या रंगावरून कुठे काय कळतं," सासूबाई फणकारल्या आणि आत निघून गेल्या.

आम्ही दोघींनी पक्ष्याला बिल्डिंगमागच्या वाळूत पुरलं. मुलगी रडली नाही. आठवडाभर ती आजीशी एक शब्द बोलली नाही, आणि मी तिला बोल म्हणून सांगितलंही नाही.

शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे वाटी कालवून झाली आणि बाल्कनीतून हाक आली. मुलगी उठली. ती बाल्कनीत गेली, आजीच्या हातातून वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन सिंकमध्ये उपडी केली. सासूबाई तरातरा मागून आल्या.

"रंगावरून काही कळत नाही, आजी," ती मराठीत म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नळ सोडला.