मी विठ्ठलरावांकडे बोट दाखवलं

मंडळाच्या मित्रहो, या फलकावर नेहमी सभेची सूचना असते. आज माझी चूक लिहून लावतोय.

सकाळी आपल्या संगणक मंडळानं एका कचेरीच्या साहेबांना यंत्राचं काम दाखवलं. त्या कचेरीचे हजेरी कारकून विठ्ठलराव रोज कामठीहून बसनं येतात. जुन्या हजेरीबुकांतलं अक्षर आपल्याला लागेना, म्हणून आठवडाभर त्यांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि आपण यंत्राला वाचता यावीत म्हणून कार्डांना छिद्रं पाडली. वरून डब्यातली पोळी-भाजीही आपल्यालाच खाऊ घातली.

आज यंत्रानं ती सगळी यादी चार मिनिटांत छापली. टाळ्या पडल्या. साहेबांनी कागद हातात घेऊन विचारलं, "सध्या हे काम कोण करतं? किती दिवस लागतात?"

"पंधरा दिवस, साहेब. हे काय, हेच करतात," मी फुशारकीनं म्हणालो आणि विठ्ठलरावांकडे बोट दाखवलं.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोबतच्या माणसाला म्हणाले, "नाव लिहून घ्या."

निघताना विठ्ठलरावांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील.

"नावं तर सारे बरोबर निघाले न गा? मी चष्मा पुसून पुसून वाचले होते."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कचेरीची पाळी आहे. तिथेही ज्याचं काम यंत्र घेणार, त्यालाच नावं वाचायला बसवावं लागेल. बसवण्याआधी त्याला काय सांगायचं?

खाली जागा सोडली आहे. लिहा, पण सही करून.