मामाचे चार ट्रॉम्बोन

चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये काय वाजत होतं, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच माणसाला आतून कळतं, आणि तो माझा मामा आहे. मामा सातवी नापास. हे मी सांगते, कारण तो स्वतःच आधी सांगतो आणि लगेच जोडतो, "पण भाची बी.ए. हाय." आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तिचा सगळ्यात जास्त उपयोग मामानंच करून घेतला.

मामा चिखलीला लग्नाच्या बँडात ट्रॉम्बोन वाजवतो. पुढची दांडी आत-बाहेर सरकवायचा तो पितळी बाजा. गाणं ट्रम्पेटवाल्याचं, मामाच्या वाट्याला नुसतं मागून पों-पों. एकदा मोबाईलवर त्याला नुसत्या ट्रॉम्बोनांचं जुनं, संथ संगीत सापडलं आणि खालची इंग्रजी माहिती वाचून घ्यायला तो माझ्याकडे आला. मी अर्थ सांगितला. मामानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाला, "म्हंजे चारशे वर्षांआंधी आपल्या बाजाले एवढा मान होता? अन् म्या तीस वर्षं त्या ट्रम्पेटवाल्याच्या मांगं चालून राह्यलो!"

एका बँडात ट्रॉम्बोन एकच, म्हणून त्यानं मोताळा, शेगाव आणि मेहकरहून तिघं जमवले. तालमी कापसाच्या रिकाम्या गोदामात, कारण तिथं आवाज चर्चसारखा घुमतो. चर्च मामानं आतून कधी पाहिलेलं नाही. ऐकून ऐकून चौघांनी ते बसवलं. आता लोकांनी एकदा तरी उभं राहून ऐकावं, एवढीच त्याची इच्छा. पण वरातीत सुरू केलं की पोरं ओरडायची, "काका, चार्जिंग संपली का बे तुमची?" शेवटी मामाची नजर माझ्या लग्नावर गेली. "नवरी मांडवात येतानी कोनी नाचत नाई. तेवढे पाच मिनटं मले दे, माय."

अडचण एकच होती. आमच्यात नवरीला हाताला धरून मामानंच मांडवात आणायचं असतं, आणि ट्रॉम्बोनला दोन्ही हात लागतात. आई भडकली, "भाऊ, पोरीचा हात धरशीन का तो पाईप?" तोडगा मी काढला. मामाच्या सदऱ्याचं टोक धरून मागून चालले. दांडी लागेल या भीतीनं वाट आपोआप मोकळी होत गेली.

चार ट्रॉम्बोन घुमू लागले. सासरे माझ्या वडिलांच्या कानाशी लागले, "इवाई, कोनी गेलं का?" वडील म्हणाले, "नाई, साळा हाय माझा."

पण मग मांडव गप्प झाला. वाढपी बादल्या खाली ठेवून उभे राहिले. लोक खरंच ऐकत होते. शेवटचा वरचा सूर मामाचा होता. मांडवाच्या खांबाशी येऊन त्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि सूर आलाच नाही. तिघांनी खालचे सूर धरून ठेवले. मामाचा तेवढा राहिला.

"सोयाबीनची धूळ गेली नरड्यात," तो सांगतो. वैशाखात सोयाबीनची धूळ कुठून आली, हे मी बी.ए. असूनही विचारत नाही.

माहेरी गेले की मामा अजून ते सगळं वाजवून दाखवतो. शेवटच्या सुराआधी मात्र दांडी आत ओढतो आणि थांबतो.

"वाजव ना, मामा."

"राहू दे," तो म्हणतो. "पुढच्या बारीले ये."