शोभाच्या गोठ्यातलं तूस

झिपरू नंदुरबारकडचा. सिल्वासात सूत रंगवायच्या कारखान्यात आम्ही शेजारी राबलो. रंगाचं पाणी भाताच्या तुसातून गाळून सोडायचं, हे त्याचं काम. तूस रंग धरून ठेवतं. पण टाकीत ते दाबून भरावं लागतं. सैल राहिलं तर पाणी फटीतून रंगासकट निसटतं. झिपरू खांद्याचा जोर लावून भरायचा. त्याच्या टाकीखाली पाणी नितळ यायचं.

वापरलेलं तूस पोत्यात बांधून कचऱ्याच्या ट्रकवर चढवायचं, असा नियम. ते त्याला जड जाई. त्याच्या गावी तूस कोणी फेकत नाही. चुलीत जातं, नाहीतर गोठ्यात. एकदा त्याने मूठभर तूस बादलीत चोळून पाहिलं. पाण्याला रंग आला नाही. मग एक पोतं वाळवून त्याने जवळच्या खेरडी गावात बहिणीकडे, शोभाकडे नेलं. तिची गाय गाभण होती. गाईखाली अंथरायला झालं.

दुसऱ्या सकाळी शोभाचा फोन आला. "दादा, गाय रक्त टाकतेय."

मी सोबत गेलो. गाय निवांत रवंथ करत होती. मूत लागताच तुसाने धरलेला रंग सोडून दिला होता. लाल ओघळ गोठ्यातून उतारावर गेला होता, आणि उताराच्या टोकाला पाड्याची विहीर.

"झिपरूभाऊ, यंदा होळी गाईसंगं का?" शेजारची पुतळाबाई म्हणाली. सगळे हसले. गाय धड आहे म्हणून शोभाही हसली. झिपरूने फावडं मागितलं.

आधी बांध घालून ओघळ अडवला. मग गोठ्याची जमीन खणली. माझे हात भरून आले.

"बस कर, काळी माती लागली," मी म्हणालो.

"अजून एक थर."

शोभाने विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. "बघ, नितळ आहे. पी."

"बादलीतलंही नितळच होतं," तो म्हणाला.

हातपंपाचंच पाणी भरा, असं तो दारोदार सांगत फिरला. तूस नि लाल माती पोत्यांत घालून कारखान्यात परत आणली. सुपरवायझरला स्वतःहून सांगितलं, शिव्या खाल्ल्या, विहिरीचं पाणी तपासायला लावलं. पाणी चांगलं निघालं.

पुढे गाय व्याली. वासरू धडधाकट आहे. झिपरू अजून दर सुट्टीला खेरडीला जातो. विहिरीतून पाणी शेंदतो, आधी स्वतः पितो, बराच वेळ ओट्यावर बसतो. मग गाईपुढे बादली ठेवतो.