छत्री उघडून वारं विचारणारे साहेब

अहो, जरा जवळ सरका की. एक डोळा मोबाईलवर ठेवून ऐकायची ही कसली पद्धत? ठेवा ते खाली. मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, त्यांना अर्धवट लक्ष देणारी माणसं अजिबात चालत नसत.

भर उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना हा माणूस छत्री उघडून उभा राहायचा. डोक्यावर नव्हे, समोर, ढालीसारखी धरून. वाऱ्यानं छत्री उलटी झाली की समाधानानं मान डोलवायची आणि म्हणायचं, "बघा वहिनी. आता ही शंभर फुटांवर असती तर?"

शंभर फुटांवर छत्री कशाला असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? मलाही वाटायचं.

फुलंब्रीहून खुलताबादकडं जाताना टेकडावर आमच्या महिला मंडळाचं लहानसं रेडिओ केंद्र आहे. मी तिथूनच तुमच्याशी या गप्पा मारते. शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र पदवीपर्यंत. मंडळ बायकांचं, अध्यक्षीणबाई आपल्या घरात सुखी, आणि अध्यक्षपण चालवायला त्यांचे मालक. म्हणून सगळे मालकांनाच अध्यक्ष म्हणतात. बायकांची प्रगती अशीच होत असते.

केंद्राला शंभर फुटांचा टॉवर हवा होता. शहरातल्या छावणीत राहणारे एक निवृत्त ओव्हरसीअर, हेच ते छत्रीवाले साहेब, स्वतःच्या स्कूटरवर, स्वतःच्या पेट्रोलनं सल्ला द्यायला येऊ लागले. फुकट सल्ला देणाऱ्याला जेवढा मान मिळतो, तेवढा त्यांना आम्ही दिला. म्हणजे चहा दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी टॉवरच्या जागेपासून पावलं मोजायला सुरुवात केली. चाळिसाव्या पावलाला ते थेट बालवाडीत, चटईवर. माझी नात तिथं पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "टॉवर आडवा झाला तर टोक इथं येतं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. दुसरी जागा नव्हती. टेकडावर आमच्या वाट्याला तेवढाच तुकडा. म्हणजे टॉवर पडताच कामा नये, एवढा एकच मार्ग उरला.

अध्यक्ष म्हणाले, "मग तारांनी ताणून बांधू की चारी बाजूंनी. हलका येतो, स्वस्त पडतो."

साहेब म्हणाले, "तारांना जागा कुठाय? आन् तारा दिल्या तर पहिल्या दिवशी म्हशी बांधाल, दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालाल. आपल्या पायावर उभा राहणाराच पाहिजे."

"आम्ही काय एवढे अडाणी हाव का?" मी म्हटलं. त्यांनी विजेच्या खांबाच्या ताणतारेकडं बोट दाखवलं. तिथं माझंच लुगडं वाळत होतं.

मग टॉवर विकणारा आला. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत पुस्तक. प्रत्येक टॉवरसमोर तो किती वारा सोसतो त्याचा आकडा.

"हा आकडा कुठल्या वाऱ्याचा?" साहेबांनी विचारलं.

"ऑल इंडिया, सर!"

"ऑल इंडियाचा वारा आमच्या टेकडावर येत नाय. इथं खुलताबादकडचा येतो, चढ चढून येतो, आन् चढताना जोर धरतो. आन् हा नुसत्या टॉवरचा आकडा की वर अँटेना बसवल्यावरचा?"

"टॉवर तर तोच असतो ना, सर."

साहेबांनी त्याला अंगणात नेलं, उघडी छत्री हातात दिली आणि म्हणाले, "माणूस तर तोच हाय. राहा उभा." टाय खांद्यावर गेला, पुस्तक बाभळीत गेलं. पुढं आकड्यांबद्दल तो फारसा बोलला नाही.

साहेबांनी सरकारी नकाशातून आपल्या भागाच्या वाऱ्याचा वेग घेतला, त्यावर टेकडामुळं वाढणारा जोर धरला, आणि रुंद पायाचा, जाड लोखंडी अँगलचा टॉवर निवडला. पाया खणताना तर कहर. "काळ्या मातीवर भरवसा ठेवायचा नाय. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. कठीण मुरूम लागेस्तोवर खणा."

"साहेब, टॉवर बसवायचाय, धरण नाय," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

टॉवर पक्का करायच्या आधी एका बैठकीत साहेबांनी कागद पुढं ओढला होता. "वर काय काय लावणार?"

"अँटेना."

"आन्?"

"केबल, शिडी, लाल दिवा."

"फ्लेक्स केवढा?"

अध्यक्षांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या खानदानाची चौकशी झाली. "रेडिओच्या टॉवरवर फ्लेक्स? आम्ही तसले वाटलो का तुम्हाला?" साहेबांनी "नाय नाय" म्हणत कागदावर एक ओळ लिहिली आणि घडी करून खिशात घातली.

टॉवर बांधून झाला आणि पुढच्या वैशाखात अध्यक्षांचा वाढदिवस आला. आणि टॉवरवर, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दिसावेत म्हणून, दोन फ्लेक्स चढले. दोन्हीत अध्यक्ष फोनवर बोलत होते. वाढदिवसाच्या माणसाला इतके फोन कोण करत असतं, देव जाणे.

दुपारी साहेब आले. स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच ओरडले, "उतरवा!"

"संध्याकाळी उतरवतो की. फोटो व्हायचेत."

साहेबांनी पश्चिमेकडं पाहिलं. आभाळ मातकट झालं होतं. त्यांनी छत्री उघडली. ती उलटी झाली नाही, हातातून सुटून गेली. ते सरळ बालवाडीत शिरले. "वहिनी, लेकरं काढा. पलीकडच्या शाळेत न्या. चपला राहू द्या!"

नातीला काखेत मारून मी धावले. मागं सोसाट्याचं वादळ. मांडव गेला, खुर्च्या उडाल्या, केक कुठं गेला ते अजून कळलं नाही. शाळेच्या खिडकीतून मी टॉवर बघत होते. तो हुंकारत होता. दोन्ही फ्लेक्स शिडासारखे फुगले होते. मग टर्र आवाज झाला आणि एक अध्यक्ष निम्मे फाटून कुणाच्या तरी कांद्याच्या वावरात गेले. दुसरे फोनवर बोलतच राहिले. टॉवर उभा राहिला.

वारं पडल्यावर साहेब खाली पायरीवर बसले. मी विचारलं, "एवढा मजबूत बांधून घेतला, मग लेकरं कशाला हलवली?"

त्यांनी खिशातल्या डायरीतून तोच जुना कागद काढला. अँटेना, केबल, शिडी, दिवा. शेवटची ओळ: 'अध्यक्षांचा फ्लेक्स, दहा बाय बारा, एक नग.'

"चूक माझी झाली वहिनी," ते म्हणाले. "मी एकच धरला होता."

त्यानंतर दरवर्षी होळी झाली की ते यायचे. खालचे बोल्ट स्वतः आवळायचे, वरचे पट्टा बांधलेल्या माणसाकडून आवळून घ्यायचे, गंजाला खरवडून रंग द्यायचे. जाताना बालवाडीत डोकावायचे. नात विचारायची, "आज पडणार का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "आज नाय."

गेल्या थंडीत साहेब गेले. चार दिवसांनी मी केंद्रावर आले तर टॉवरवर फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. साहेबांचा हसरा फोटो, आणि त्याच्या दुप्पट मोठा हात जोडलेल्या अध्यक्षांचा. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध माणूस छत्री घेऊन उभा राहिला, तिच्यावरच त्याला छापून टांगला. आदर करावा तर आमच्याकडून शिकावं.

साहेबांची एक जुनी छत्री केंद्रात खिळ्याला होती. काडी मोडकी, पण उघडते. ती समोर धरून मी टॉवरखाली उभी राहिले. बोलले काहीच नाही. माझ्या बाबतीत हे नवलच. अध्यक्षांनी एकदा छत्रीकडं पाहिलं, एकदा बालवाडीच्या दाराकडं. "संध्याकाळी" म्हणाले नाहीत. स्वतः उभं राहून फ्लेक्स उतरवून घेतला.

आता होळी जवळ आली. बोल्ट तसेच आहेत. परवा नात म्हणाली, "आजी, आज पडणार का?" आणि मला "आज नाय" म्हणता आलं नाही, कारण ते म्हणण्याआधी साहेब पाना फिरवून बघायचे, मी नुसती बोलते.

तेव्हा केंद्रावर या ना लवकर. चहा माझ्याकडं. ओळखीत टॉवरवर चढणारा, बोल्ट आवळणारा कुणी जाणकार असेल तर त्याला सोबत आणा. हार, शाल, फ्लेक्स काही आणू नका. वैशाखाच्या आधी या.