केतकीचा फिटनेस फॉर्म

त्या सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला. केतकीच्या टीममधली रिद्धी बोलत होती. "आत्याजी, दीदी वॉर्म-अप में बैठ गईं… उठ नहीं रहीं." मी, शहाणी, तिच्यावरच ओरडले, "खाल्लं नसेल काही! पानी मारो मुँह पर!" मग मिळेल त्या रिक्षानं राजेंद्र नगरातून मैदान गाठलं. तोवर पोरींनी तिला दवाखान्यात हलवलं होतं, आणि मी तिथे पोहोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. केतकी माझी भाची, धाकट्या भावाची एकुलती एक. अठ्ठावीस वर्षांची, लॅक्रॉस खेळायची आणि शिकवायची. आता सहा आठवडे झाले, तर लोक मला सांगतात, आत्या, राग सोडा आता. का म्हणून सोडू?

लॅक्रॉस म्हणजे काय, हे इंदूरमध्ये तिला रोज कुणाला तरी सांगावं लागे. लांब काठी, टोकाला जाळी, त्या जाळीत चेंडू झेलायचा आणि पळत पळत पुढे फेकायचा. जाळ्या फाटल्या की ती सियागंजातून नायलॉनची दोरी आणून स्वतः विणायची. एकदा मी बरोबर होते. दुकानदारानं विचारलं, "मैडम, मच्छी पकड़ोगे क्या?" तर ही पठ्ठी तिथल्या तिथे काठी काढून त्याला चेंडू झेलून दाखवायला लागली. मागे हमालांची हीऽ गर्दी. मी लाजेनं अर्धी झाले, आणि ती म्हणते, "देखा, आत्या? अजून दोन लोकांना कळलं." अठरा पोरी होत्या तिच्याकडे. कुणाची आई नाही म्हणाली की ती त्या घरी जाऊन चहा पिऊन यायची, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी मैदानावर हजर.

या पोरींच्या बाबतीत ती एका गोष्टीवर फार कडक होती. स्पर्धेला जायचं तर डॉक्टरांच्या सहीचा फिटनेस फॉर्म लागतो. आपल्याकडे ती सही कशी मिळते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवायचा, डॉक्टर मान वर न करता शिक्के मारतात, आपण थँक्यू म्हणून निघायचं. केतकीला याची भयंकर चीड. मी नोकरीतून मोकळी झाल्यापासून पोरींना दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि निघताना दर वेळी तिचा दम असायचा. "आत्या, शॉर्टकट बिल्कुल नहीं हं. प्रत्येकीच्या छातीला नळी लावल्याशिवाय सही घ्यायची नाही."

गेल्या खेपेला मी अठराही जणींना पलासियाच्या दवाखान्यात रांगेत बसवलं. डॉक्टर वैतागले, पण मी हटले नाही. एकेकीला तपासायला लावलं. शेवटी एक फॉर्म उरला, कोचचा. केतकी प्रॅक्टिस सोडून आलीच नव्हती. सकाळी मी म्हटलं होतं, तूही चल, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीये! फॉर्म घेऊन जा, बस." त्याआधीच्या महिन्यात दोनदा तिला मैदानावर चक्कर आली होती. दोन्ही वेळा मीच निदान केलं होतं, नीट जेवत नाहीस म्हणून. डॉक्टर हसून म्हणाले, "कोच को क्या होना है, मैडम?" आणि सही केली. मी तो फॉर्म पिशवीत टाकला. खरं सांगू? एक खेप वाचली म्हणून मला बरंच वाटलं.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयात जन्मापासूनच दोष होता, वेळेवर तपासलं असतं तर कदाचित कळलं असतं. कदाचित! या शब्दानं माझं डोकं उठतं.

शोकसभेत क्रीडा संघटनेचे एक पदाधिकारी बोलायला उभे राहिले आणि केतकीला "हॉकी की उभरती खिलाड़ी" म्हणाले. रिद्धी मागून ओरडली, "लॅक्रॉस!" ते पुन्हा हॉकीच म्हणाले. जिवंतपणी या माणसानं तिला मैदानाची साधी परवानगी द्यायला महिनोन्महिने खेटे घालायला लावले होते. मग एका मुलीचे वडील म्हणाले, "लड़कियों को इतना दौड़ाओगे तो यही होगा." बायका माना डोलवायला लागल्या. दोन आयांनी तर तिथेच पोरींना सांगून टाकलं, उद्यापासून मैदान बंद. माझ्या भावानं मान खाली घातली… तेव्हा मला राहवलं नाही. मी उठले आणि भर सभेत म्हणाले, "दौड़ने से नहीं गई वो. बिना जाँचे दस्तखत हुआ था उसके फॉर्म पर, और वो फॉर्म लाई थी मैं." भावानं माझ्याकडे पाहिलं, ते कसं, ते मी लिहू शकत नाही. अजून तो माझ्याशी मोजकंच बोलतो. बोलेल, न बोलेल. पण त्या दोन आयांनी पोरींना काढलं नाही.

परवा नव्या स्पर्धेचे फॉर्म आले. आता रिद्धीच पोरींना शिकवते. या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरीणबाई गाठल्या. पोरी बाकावर बसल्या आणि रिद्धी फॉर्म सारखे करत भिंतीशी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पहिलं नाव पुकारलं, पण ती पोरगी उठेचना. "पहले रिद्धी दीदी," ती म्हणाली. रिद्धी म्हणाली, "अरे, मेरा क्या है, बैठो तुम." एकही जण जागची हलली नाही. मग दोघींनी तिला दंडाला धरून आत नेलं आणि दारातच उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, मग तारा जोडून हृदयाची पट्टी काढली, वाचली, आणि सही केली.

मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं लागली.