शाँबोस्यूचा गैरहजर सरपंच

शाँबोस्यू गावात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि खरं सांगायचं तर त्यांचं आपसांत पटतंही जास्त. जमीन म्हणाल तर हवी तेवढी. एक उन्हाची उतरण, एक सावलीची, मधे देवदाराचं रान, आणि त्यापलीकडच्या शेवाळलेल्या दगडापासून फ्रान्स. फक्त या जमिनीवर चालायला कुणी उरलं नाही. पोरं दरीतल्या घड्याळांच्या कारखान्यांत गेली ती गेलीच. शाळा ओस पडली, त्यामुळे ग्रामसभेला एकदाची ऐसपैस जागा मिळाली. यालाच प्रगती म्हणत असावेत.

इथं सरपंच निवडायची रीत सोपी. जो सभेला येत नाही, त्याच्या गळ्यात माळ. 'मला व्हायचंय' असं तोंडाने म्हणणं म्हणजे भर प्रार्थनेत ढेकर देणं. म्हणून निवडणुकीच्या दिवशी तापाने फणफणलेला माणूससुद्धा घोंगडी गुंडाळून सभेत येऊन बसतो.

आणि नेमक्या याच गावात ओरेल जोलिदोंला उभा जन्म सरपंच व्हायचं होतं. घोडे पाळायचे, लग्नाच्या भानगडीत पडायचं नाही आणि तबेल्यात घोड्यांपुढे भाषणं ठोकायची, हा त्याचा संसार. घोड्यांनी कधी हरकत घेतली नाही. पण हा शहाणा प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत! न जाऊन कसं चालेल, गावाची काळजी कुणाला आहे? मग निवडणार कसे, कपाळ!

यंदा म्हातारे सरपंच बुर्कार पायउतार झाले. "नवा सरपंच मिळाला नाही तर खालच्या गावात विलीन व्हा आणि सुटा," म्हणाले. आत्ता नाही तर कधीच नाही, हे ओरेलला कळलं, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्याची कंबर धरली.

"अगं फिलोमेन, मेलो गं!"

फिलोमेन त्याची धाकटी बहीण. त्याचं घर, कोंबड्या, हिशेब आणि मिजास इतकी वर्षं तिनेच सांभाळली होती. घोड्यांच्या पायाला लावायचं मलम घेऊन ती आली.

"दादा, दुखतंय नक्की कुठे?"

"सगळीकडे. उद्या तू सभेला जाऊ नकोस. मला एकट्याला टाकून गेलीस तर लोकांना वाटेल, नाटक करतोय."

"लोकांना कशाला वाटेल असं?" ती म्हणाली आणि जरा जास्तच जोर लावून चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओरेल पांघरुणात पडून राहिला. पांघरुणाखाली इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात टाय. फिलोमेन खुर्चीत बसून त्याचे मोजे विणत होती. तेवढ्यात दारात बुटांचे आवाज झाले. बुर्कार आणि चारपाच मंडळी डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन आत आली.

ओरेल कण्हत म्हणाला, "या, या. मी काय, आजारी माणूस. पण गावाची इच्छाच असेल तर..."

"छे छे, तू पडून राहा रे बाबा!" बुर्कार म्हणाले. "आज तुम्ही दोघंच गैरहजर होतात. तुझी कंबर ही अशी, तुला कशाला उगाच त्रास? फिलोमेनबाई, तुम्हाला निवडलंय. एकमताने."

ओरेल ताडकन उठून बसला. पांघरूण खाली गेलं, टाय वर आला. मंडळींना एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघावंसं वाटलं.

"हिला? अहो, हिला कुठे वेळ आहे! नाही म्हण ना गं. माझी कंबर बघ, बरी झाली!"

फिलोमेनने विणकाम मांडीवर ठेवलं. भाऊ इतका केविलवाणा दिसत होता, की क्षणभर तिला त्याची दया आली. त्याचं स्वप्न तिला तबेल्याच्या भिंतीतून ऐकून पाठ झालं होतं.

"दादा, तुला काय हवंय ते मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मला काय हवंय, सांग बघू."

ओरेलने तोंड उघडलं. बिचारा खरोखर आठवून पाहत होता.

"बरं," असं म्हणून फिलोमेन बुर्कारांकडे वळली. "कचेरीच्या किल्ल्या आणल्यात का?"